पॅन्टोप्रॅझोल उघडपणे विका

‘दोन पॅन-डी द्या.’ मेडिकलच्या काउंटरवर एवढं म्हटलं की पित्तावरच्या पॅन्टोप्रॅझोलच्या कॅप्सूल मिळतात. पलीकडचा मुलगा मोबाइलवरून नजर न हटवता ड्रॉवर ओढतो, पट्टी काढतो आणि कात्रीने दोन कॅप्सूल कापून पुढे सरकवतो. चिठ्ठी मागत नाही, कधीपासून घेताय हेही विचारत नाही. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं अर्धं नाव येतं, मुदत संपायची तारीख उरलेल्या पट्टीवर राहून जाते. त्याच पट्टीवर लाल चौकटीत, बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीविना हे औषध किरकोळीत विकू नये.

हा इशारा 1945 च्या औषध नियमांतल्या ‘शेड्यूल एच’मुळे, म्हणजे फक्त चिठ्ठीवर विकायच्या औषधांच्या यादीमुळे येतो. तो पाळला जात नाही हे दुकानदाराला, गिऱ्हाइकाला आणि तपासणीला येणाऱ्या निरीक्षकालाही ठाऊक असतं. अशा वेळी आपल्याकडची ठरलेली मागणी म्हणजे कायदा कडक करा, धाडी घाला. तो प्रयोग या राज्यात होऊन गेलेला आहे. 2012 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्ट नसलेली आणि चिठ्ठीविना औषधं देणारी दुकानं धरायला सुरुवात केली. परवाने निलंबित झाले, केमिस्टांनी बंद पुकारला, बराच गदारोळ झाला. झगडे यांची भूमिका कायद्याला धरून होती आणि प्रतिजैविकांच्या बाबतीत मी आजही तिच्याच बाजूने आहे. पण पित्ताच्या गोळीपुरतं बोलायचं तर काउंटरवर आज काय चालतं ते वर लिहिलंच आहे.

म्हणून मला वाटतं, साधी 20 मिलिग्रॅमची पॅन्टोप्रॅझोल चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानेच मुभा द्यावी. 14 गोळ्यांचं सीलबंद पाकीट, त्यावर ठळक मराठीत केव्हा घ्यायची, किती दिवस घ्यायची, कुणी घ्यायची नाही आणि काय दिसलं तर तडक दवाखाना गाठायचा. तिच्यात डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड ही जठराची गती वाढवणारी औषधं मिसळून केलेल्या कॅप्सूल मात्र खरोखर चिठ्ठीवरच मिळाव्यात.

एक दार उघडा आणि दुसरं बंद करा, असं का, ते सांगतो. आजच्या व्यवस्थेतला मोठा तोटा असा की हे औषध कागदोपत्री डॉक्टरमार्फतच रुग्णापर्यंत जातं. त्यामुळे रुग्णाला उद्देशून पाकिटावर काही लिहायची कंपनीला गरजच पडत नाही. माहितीपत्रक असलंच तर ते डॉक्टरांसाठी, इंग्रजीत आणि घडीवर घडी घातलेलं. मधला डॉक्टर प्रत्यक्षात गायब असतो. उरते एक चकचकीत पट्टी आणि शेजाऱ्याचा सल्ला.

आणि हे औषध नीट सांगितल्याशिवाय नीट घेता येत नाही. जठराच्या अस्तरातल्या पॅरायटल पेशी आम्ल तयार करतात. त्यांना हिस्टामिन, अ‍ॅसिटिलकोलीन आणि गॅस्ट्रिन अशा तिघांकडून हुकूम येतात, पण शेवटचं काम एकच पंप करतो: पोटॅशियम आत ओढायचं, हायड्रोजन बाहेर ढकलायचा. डायजीन, जेल्युसिलसारखी औषधं झालेलं आम्ल मारतात. रॅनिटिडिन, फॅमोटिडिन हिस्टामिनचा हुकूम अडवतात. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल ही मंडळी थेट पंपच बंद पाडतात. मात्र त्यासाठी त्यांचा प्रवास मोठा वळणाचा आहे. गोळी जठरात विरघळू नये म्हणून तिच्यावर खास लेप असतो. ती पुढे लहान आतड्यात विरघळते, रक्तात उतरते आणि रक्तातून फिरून पुन्हा त्याच पॅरायटल पेशीत येते. तिथल्या तीव्र आम्लात तिचं रूप बदलतं आणि मगच ती पंपाला चिकटते, इतकी घट्ट की पेशीला नवे पंप तयार करावे लागतात. ती चिकटते तीही चालू पंपालाच. पंप जोमाने चालू होतात जेवणाच्या वेळी, आणि औषध रक्तात टिकतं थोडेच तास. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात.

आता लोक ती कशी घेतात ते आठवून पाहा. लग्नात आडवा हात मारून आल्यावर रात्री अकराला छातीत जळजळ सुरू होते, तेव्हा एक. गोळी मोठी वाटली म्हणून फोडून एक. उद्या बाहेर जेवायचंय म्हणून आजच एक. फोडलेल्या गोळीचा लेप गेला, तिचं जठरातच वाटोळं होणार. जेवणानंतर घेतलेली अर्धवट लागू पडणार. रात्री अकराच्या जळजळीला खरं तर दोन चमचे अ‍ॅन्टासिड पुरलं असतं, तेही पाच-दहा मिनिटांत. अमेरिकेत 2003 पासून 20 मिलिग्रॅम ओमेप्रॅझोल चिठ्ठीशिवाय मिळतं आणि त्या खोक्यावर नेमकं हेच छापलेलं असतं: ताबडतोब आरामासाठी नाही, परिणामाला एक ते चार दिवस लागू शकतात, 14 दिवसांचा एक कोर्स, चार महिन्यांच्या आत पुन्हा नको. युरोपात 2009 पासून 20 मिलिग्रॅम पॅन्टोप्रॅझोल असंच मिळतं, डॉक्टरला न विचारता चार आठवड्यांपलीकडे घेऊ नये या सूचनेसह. तिथले लोक उघड विकत घेतात आणि निदान वाचून घेतात. आपण लपूनछपून विकतो, तेही भर चौकात.

या औषधांची निंदा करायचा माझा हेतू नाही, उलट पोटाच्या औषधांत यांच्याइतकी गुणी औषधं थोडी. जेम्स ब्लॅक यांच्या कामातून 1976 साली सिमेटिडिन बाजारात आलं, त्याआधी चिवट अल्सर म्हणजे पोट फाडायची तयारी: जठराचा तुकडा काढायचा नाहीतर व्हेगस मज्जातंतू कापायची. ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये ओमेप्रॅझोल आलं. त्याच दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं की बऱ्याच अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो (मार्शल यांनी तर 1984 मध्ये त्याचं कल्चर स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला), आणि पंप बंद करणारं औषध प्रतिजैविकांबरोबर ठरावीक दिवस दिलं की अल्सर कायमचा जातो. ठरावीक दिवस हे इथे महत्त्वाचं. अल्सरला चार ते आठ आठवडे, जिवाणूला बहुधा दोन आठवडे. आयुष्यभर घ्यायची वेळ मोजक्यांवर येते: अन्ननलिकेला गंभीर सूज किंवा बॅरेट्स बदल (तिच्या अस्तराचं रूपच पालटणं) असलेले, आधी पोटात रक्तस्राव झालेले, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी दोन्ही औषधं चालू असलेले किंवा सांध्यांसाठी रोज वेदनाशामक घ्यावं लागणारे वयस्क. अशांनी हा लेख वाचून गोळी बंद करू नये.

बाकीच्यांची गोळी सुरू होते ती बहुतेकदा काउंटरवर नाही, डॉक्टरच्या टेबलावर. म्हणून सगळा दोष केमिस्टच्या माथी मारणं मला पटत नाही. तापाला पॅरासिटामॉल, सोबत पॅन. घशाला प्रतिजैविक, सोबत पॅन. वेदनाशामकं अस्तर जपणारं प्रोस्टाग्लँडिन कमी करून जठराचं अस्तर उघडं पाडतात, तिथे संरक्षण देण्यात अर्थ आहे. प्रतिजैविकाबरोबर ते देण्यात कसला अर्थ आहे हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. इस्पितळात दाखल झालात की सलाईनमधून पॅन ठरलेलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ते हवंच, हर्नियाच्या तरण्याबांड रुग्णाला कशाला? मग घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर तीच ओळ उतरते: पॅन 40, 1-0-0. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. किती दिवस ते नाही.

माझ्या मावशीच्या गोळ्यांच्या डब्यात सकाळच्या कप्प्यात तीन गोळ्या असतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन, रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि पॅन्टोप्रॅझोल. पहिल्या दोन कशाच्या ते तिला पाठ आहे. तिसरीबद्दल विचारलं तर म्हणाली, ‘ती होय, ती बाकीच्या गोळ्या बाधू नयेत म्हणून.’ खोदून विचारल्यावर कळलं की ती चिकुनगुनियाच्या वेळी सुरू झाली होती. त्यानंतर डॉक्टर बदलले, गाव बदललं, गोळी तशीच राहिली. मध्ये एकदा तिने आपणहून सोडली, तर चौथ्या दिवशी घशाशी येऊन जीव नकोसा झाला. ‘बघ, मला लागतेच ती,’ हा तिचा पुरावा.

तो पुरावा फसवा असू शकतो, कारण पोट स्वस्थ बसत नाही. आम्ल कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन वाढवतं. गॅस्ट्रिनमुळे हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी वाढतात. तोवर पंप बंद असल्याने काही जाणवत नाही. गोळी एकदम थांबवली की वाढलेल्या हिस्टामिनला मोकळे पंप सापडतात आणि आधीपेक्षा जास्त आम्ल उसळतं. डेन्मार्कमध्ये पोटाची कसलीच तक्रार नसलेल्या 120 धडधाकट स्वयंसेवकांवर याचा प्रयोग झाला. निम्म्यांना आठ आठवडे 40 मिलिग्रॅम इसोमेप्रॅझोल (ओमेप्रॅझोलचंच भावंड) दिलं, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषध थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं, अपचन असा त्रास झाला, दुसऱ्या गटात 15 टक्क्यांना. म्हणजे ज्यांना आम्लपित्त नव्हतंच त्यांना ते औषध सोडल्यामुळे झालं. हा त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतो, डोस निम्मा करत, मग एक दिवसाआड करत, अध्येमध्ये अ‍ॅन्टासिडच्या आधाराने निभावता येतो. पण हे सांगितलं जात नाही, आणि माणूस पुन्हा काउंटरवर जाऊन उभा राहतो. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच तयार करणारं औषध असेल तर थांबायची तारीख पाकिटावर असायलाच हवी.

आता ज्या कॅप्सूल मला बंद दाराआड हव्यात त्यांच्याकडे येतो. पॅन्टोप्रॅझोलच्या पुढे जोडलेला तो ‘डी’ म्हणजे डॉम्पेरिडोन. डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाला पेशींवर जिथे जागा मिळते ती जागा अडवून ते जठराची पुढे ढकलण्याची गती वाढवतं, मळमळ थांबवतं. आम्ल कमी करा आणि उरलेलं खाली ढकला, हा हिशोब ऐकायला झकास वाटतो. युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्ये हृदयाची लय बिघडण्याच्या धोक्यावरून डॉम्पेरिडोनचा आढावा घेतला आणि वापर फक्त मळमळ-उलटीपुरता ठेवायला सांगितलं. मोठ्या माणसाला 10 मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, साधारण एका आठवड्याच्या आत. पोट फुगणं, छातीत जळजळ यांसाठी नको. अमेरिकेत तर त्याला मुळात परवानगीच मिळालेली नाही. आपल्या कॅप्सूलमध्ये ते हळूहळू सुटणारं 30 मिलिग्रॅम असतं, म्हणजे युरोपने घातलेली दिवसाची पूर्ण कमाल मर्यादा, आणि लोक ती घेतात नेमकी जळजळीसाठी, महिनोन् महिने. त्यात कुणी हृदयरोगी, कुणी लय बिघडवणारी दुसरी औषधं घेणारा. याच कुळातल्या सिसाप्राइडवर हृदयाच्याच कारणावरून 2011 मध्ये आपल्याकडे बंदी आली होती, हे आता केमिस्टच्याही लक्षात नसेल.

लेव्होसल्पिराइडचं प्रकरण मला याहून गंभीर वाटतं. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही. लेव्होसल्पिराइड शिरतं, कारण मूळचं ते मनोविकारांच्या औषधांच्या घराण्यातलं. मेंदूतलं डोपामिन अडलं की हात थरथरतात, चाल मंदावते, चेहरा कोरा होतो, कधी ओठ-जीभ आपोआप हलत राहतात. वय झालेल्या माणसात हे हुबेहूब पार्किन्सनसारखं दिसतं. मग न्यूरॉलॉजिस्टकडे रवानगी होते, आणि आधीच्या गोळ्यांची यादी कुणी नीट पाहिली नाही तर पार्किन्सनची गोळी सुरू होते. तिने मळमळ होते, म्हणून पोटाची कॅप्सूल चालूच राहते. बायकांमध्ये प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढून पाळी चुकते, अंगावर पाजत नसतानाही दूध येतं आणि तपासण्यांचा वेगळाच फेरा सुरू होतो. असं औषध ‘गॅससाठी’ म्हणून आम्ल कमी करणाऱ्या गोळीच्या पाठीवर बसवून विकायचं, म्हणजे दोन्हींची गरज एकाच दिवशी सुरू होते आणि एकाच दिवशी संपते असं गृहीत धरायचं. एकत्र मिसळलेल्या औषधाची खोट हीच की त्यातलं एक थांबवायची सोयच राहत नाही.

याउलट साध्या पॅन्टोप्रॅझोलबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी भीती बरीचशी अवाजवी आहे, हेही सांगायला हवं. स्मृतिभ्रंश, मूत्रपिंड निकामी, लवकर मरण, असे संबंध निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांत दिसले होते, आणि अशा अभ्यासांत मुळातच जास्त आजारी माणसं जास्त गोळ्या घेत असतात. 17,598 हृदय व रक्तवाहिन्यांच्या रुग्णांना सोडतीने गट पाडून पॅन्टोप्रॅझोल किंवा बिनऔषधाची गोळी देणारी चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे तीन वर्षांत दोन्ही गटांत ठळक फरक एकाच बाबतीत निघाला: आतड्यांचे संसर्ग औषध घेणाऱ्यांत 1.4 टक्के, इतरांत 1.0 टक्के. आकडा छोटा आहे. पण जठरातलं आम्ल हा पाण्यातून येणाऱ्या जंतूंविरुद्धचा पहिला पहारा आहे, आणि तो उठवायची किंमत नळाला काय येतं यावर ठरते. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूचं नाव घरोघरी पोचलं. त्या साथीत या गोळ्यांचा हात होता असं मी म्हणत नाही. पण आम्ल मारलेल्या पोटात ज्या जंतूंना वाट सोपी होते त्यांत कॅम्पिलोबॅक्टर येतो, हे आधीपासून माहीत आहे.

दुसरा आपला घरचा प्रश्न बी-12 चा. अन्नातल्या प्रथिनांपासून ते सुटं करायला आम्ल लागतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातल्या 441 पुरुषांचं रक्त तपासलं तेव्हा 67 टक्क्यांत बी-12 कमी होतं, हे 2006 सालीच छापून आलंय. आधीच शाकाहार, त्यात मेटफॉर्मिन, जे स्वतः बी-12 कमी करतं, आणि वर रोजची पॅन. मावशीच्या पायाला मुंग्या येतात त्या मधुमेहाच्या की बी-12 च्या, हे रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही. 2019 मध्ये आपल्या औषध महानियंत्रकांनी या गोळ्यांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला अचानक होणाऱ्या इजेचा उल्लेख घालायला सांगितलं होतं. चांगलंच केलं. पण कात्रीने कापलेल्या दोन कॅप्सूलबरोबर माहितीपत्रक येत नाही.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की उघड विक्रीने गंभीर आजार झाकले जातील. जठराच्या कर्करोगाची जळजळही या गोळीने काही काळ शमते. छातीतली कळ ‘गॅस’ समजून माणूस गोळी घेऊन झोपतो आणि सकाळ पाहत नाही. गोळी चालू असताना केलेली हेलिकोबॅक्टरची श्वासचाचणी खोटी निर्दोष येऊ शकते, त्यासाठी दोन आठवडे आधी ती थांबवावी लागते. सगळं खरं आहे. फक्त हे सगळं आजही घडतंच आहे, तेही एका ओळीच्या इशाऱ्याविना. वजन उतरणं, घास अडकणं, काळी शी, रक्ताची उलटी, घामासह हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, एवढं पाकिटाच्या पाठीवर सहज मावतं. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने पॅनऐवजी ओमेप्रॅझोल ‘एकच आहे’ म्हणून घेऊ नये, हेही मावतं, कारण ओमेप्रॅझोल यकृतातल्या ज्या विकराचं (एन्झाइमचं) काम अडवतं त्याच्याशिवाय क्लोपिडोग्रेल नीट जागं होत नाही.

दुसरा आक्षेप गरिबाचा. रोजंदारीवरचा माणूस 14 गोळ्यांचं पाकीट कशाला घेईल, त्याच्या खिशात दोन गोळ्यांपुरतेच पैसे आहेत. पण दोन गोळ्यांनी त्याचं काही भलं होत नाही, हे आपण वर पाहिलं. एका रात्रीच्या त्रासाला त्याला स्वस्त अ‍ॅन्टासिड द्यावं आणि खरंच कोर्स लागत असेल तर जनऔषधी केंद्रातलं जेनेरिक. सुटी कापून विकायची सवय त्याच्यासाठी नाही, दुकानदाराच्या सोयीसाठी आहे.

यात एक कायदेशीर अडचण आहे. चिठ्ठीविना विकायच्या औषधांचा वेगळा वर्गच आपल्या कायद्यात नाही. तो दिल्लीत ठरायचा, आणि दिल्लीत त्यावर चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तोवर राज्याला आपल्या सरकारी रुग्णालयांपुरतं एक काम आजही करता येईल. केस पेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर औषधाच्या नावासमोर दोन रकाने वाढवायचे, ‘कशासाठी’ आणि ‘कधीपर्यंत’. दुसरा रकाना कोरा असेल तर औषधाच्या खिडकीवर आठवड्यापुरत्याच गोळ्या द्यायच्या आणि कागद डॉक्टरकडे परत पाठवायचा.